बाल्टिमोरची हेन्रिएटा लॅक्स

मासिकांच्या पानांवर थोर मिशनरी, भक्त आणि समाजसुधारक यांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. आज आम्ही जिच्याविषयी लिहीत आहोत ती यांपैकी कोणीच नव्हती. तिने शाळा काढली नाही, संस्था चालवली नाही, ग्रंथ लिहिला नाही. तंबाखूच्या शेतात राबलेली, सहावीपर्यंत शिकलेली, पाच लेकरांची आई असलेली ती एक काळी अमेरिकन बाई. १९५१ साली, वयाच्या ३१ व्या वर्षी, ती गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने वारली. तरी आज जगभरच्या प्रयोगशाळांतून तिच्या शरीरातील पेशी जिवंत आहेत, आणि त्या पेशींमुळे किती लोकांचे प्राण वाचले याची मोजदाद कोणी करू शकत नाही. तिचे नाव मात्र वीस वर्षे जगाला ठाऊक नव्हते.

हेन्रिएटाचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी व्हर्जिनिया राज्यातील रोआनोक या गावी झाला. जन्मनाव लोरेटा प्लेझंट. ती लोरेटाची हेन्रिएटा कधी व कशी झाली हे तिच्या घरच्यांनाही सांगता येत नसे. १९२४ साली तिची आई दहाव्या बाळंतपणात गेली. एवढी मुले एकट्याने सांभाळणे बापाला शक्य नव्हते. त्याने ती क्लोव्हर या आपल्या मूळ खेड्यात आणली आणि नातेवाइकांत वाटून दिली. हेन्रिएटा आजोबांच्या वाट्याला आली. आजोबा टॉमी लॅक्स ज्या लाकडी घरात राहत ते पूर्वी गुलामांना राहायला दिलेले घर होते. तिच्या खापरपणज्यांनी ज्या जमिनीवर गुलाम म्हणून तंबाखू पिकवला, तिथेच ही पोर पहाटे उठून गाईगुरे पाहू लागली व दिवसभर तंबाखूची पाने खुडू लागली. याच घरात तिच्याबरोबर नात्यातला एक भाऊ वाढत होता, डेव्हिड लॅक्स. त्याला सगळे डे म्हणत. पुढे १९४१ च्या एप्रिलमध्ये या दोघांचे लग्न झाले. त्यापूर्वीच त्यांना लॉरेन्स व एल्सी अशी दोन मुले झाली होती, आणि पहिल्याच्या वेळी हेन्रिएटा अवघी चौदा वर्षांची होती. चरित्र लिहायचे तर हे झाकून ठेवता येत नाही, आणि आईविना वाढलेल्या त्या मुलीला दोष देण्याचे धैर्य आम्हाला होत नाही.

युद्धाच्या दिवसांत बाल्टिमोरजवळच्या पोलादाच्या कारखान्याला माणसे हवी होती. डे तिकडे गेला, मागोमाग हेन्रिएटाही मुलांना घेऊन गेली. टर्नर स्टेशन या वस्तीत त्यांनी घर केले. खेड्यातून कामाच्या शोधात येणारा प्रत्येक भाऊबंद प्रथम तिच्या दारात येई. कोणी उपाशी जाऊ नये हा तिचा नेम होता. मोठ्या पातेल्यात जेवण शिजे आणि पाहुणे वाटेत, बोळात, जिथे जागा मिळेल तिथे झोपत. तिला नीटनेटके राहण्याची हौस होती. हातापायाच्या नखांना लाल रंग लावल्याशिवाय तिला चैन पडत नसे. नखांची ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी.

घरात एक दुःख होते. थोरली मुलगी एल्सी बोलू शकत नव्हती, तिला फिट्स येत. हेन्रिएटाने तिला होईल तेवढे घरीच सांभाळले. पण मुले वाढत गेली, ते शक्य होईना, आणि १९५० च्या सुमारास एल्सीला क्राउन्सव्हिल येथील सरकारी मनोरुग्णालयात ठेवावे लागले. आई होती तोवर तिला नियमाने भेटायला जाई.

याच काळात हेन्रिएटाला पोटात खाली गाठ असल्यासारखे वाटू लागले. तिने ते आपल्या दोन जिवलग नात्यातल्या बहिणींना, मार्गारेट व सेडी यांना सांगितले. त्यांनी डॉक्टरकडे जा म्हटले. ती गेली नाही. मग पुन्हा दिवस राहिले, तेव्हा या दोघींना वाटले की गाठ कसली, मूलच असेल. १९५० साली पाचवे मूल, जोसेफ, जन्मले. त्यानंतर अंगावरून भलत्याच वेळी लाल जाऊ लागले. एके दिवशी न्हाणीघरात तिने स्वतःच तपासून पाहिले, तेव्हा गर्भपिशवीच्या तोंडाशी तिच्या बोटाला टणक गाठ लागली. नवऱ्याला तिने इतकेच सांगितले की अंगावर जाते आहे, डॉक्टरकडे ने.

इथे आम्ही चरित्र क्षणभर थांबवतो. आमच्या मंडळीत उपासनेच्या शेवटी प्रार्थनेच्या विनंत्या वाचल्या जातात. काही वर्षांपूर्वी एका वडीलधाऱ्या भगिनीसाठी कित्येक आठवडे पोटाच्या दुखण्याकरिता प्रार्थना होत होती. पाळी जाऊन दहा वर्षे झाली असता पुन्हा लाल दिसत होते, हे तिने सुनेला सांगितले नाही, मुलाला तर नाहीच. आम्ही तिच्या घरी जाऊन डोळे मिटून प्रार्थना केली आणि चहा पिऊन परत आलो. तुम्हाला नेमके काय होते, असे विचारण्याचे आम्हाला सुचले नाही, आणि सुचले असते तरी पुरुषाने विचारावे कसे या संकोचात आम्ही गप्प राहिलो असतो. तिला मोठ्या इस्पितळात नेले तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती. हेन्रिएटाचे चरित्र वाचताना आम्हाला त्या भगिनीची आठवण झाली, म्हणूनच ते लिहायला घेतले.

गावच्या डॉक्टरने हेन्रिएटाची गाठ पाहिली आणि ती गरमीची असावी असे त्याला वाटले. रक्त तपासले, त्यात काही निघाले नाही. तेव्हा त्याने तिला जॉन्स हॉपकिन्स इस्पितळात पाठवले. हे इस्पितळ घरापासून सुमारे वीस मैलांवर होते. वाटेत दुसरी इस्पितळे होती, पण काळ्या माणसाला दारात उभे करणारी फार थोडी. हॉपकिन्स नावाच्या क्वेकर व्यापाऱ्याने मरताना आपली संपत्ती देऊन हे इस्पितळ उभारायला सांगितले. वर्ण न पाहता गरिबांना औषधोपचार मिळावा अशी त्याची इच्छा होती, आणि १८८९ साली ते सुरू झाले. (याच गृहस्थाच्या घरी गुलाम असल्याच्या नोंदी २०२० साली पुढे आल्या. माणसाच्या चांगल्या कामाला अशी गाठ पुष्कळदा असते.) इस्पितळ सर्वांसाठी होते, पण काळ्यांचे वॉर्ड वेगळे, पाण्याचे नळही वेगळे.

२९ जानेवारी १९५१ रोजी डे बाहेर मोटारीत मुलांना घेऊन थांबला आणि हेन्रिएटा आत गेली. डॉ. हॉवर्ड जोन्स या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला तपासले. त्यांना दिसलेली गाठ चकाकणारी, जांभळट, आणि नुसत्या स्पर्शाने रक्त येणारी होती. हजारो रुग्ण पाहिलेल्या त्या डॉक्टरांनी तसे पूर्वी पाहिले नव्हते. नवल असे की काही महिन्यांपूर्वी बाळंतपणानंतरच्या तपासणीत तिथे गाठ असल्याची नोंदही नव्हती. एक तर ती तेव्हा नजरेतून सुटली, किंवा भयंकर वेगाने वाढली. तुकडा तपासायला गेला, कर्करोग निघाला. ही बातमी ऐकल्यावर ती घरी आली, आणि तिने कोणाला काही सांगितले नाही. औषधासाठी पुन्हा जायचे आहे, एवढेच ती नवऱ्याला बोलली.

त्या काळी या रोगावर रेडियमचा उपचार करीत. काचेच्या बारीक नळ्यांत रेडियम भरायचे, त्या नळ्या कापडाच्या लहान पिशव्यांत घालायच्या आणि रुग्णाला भूल देऊन त्या पिशव्या गर्भाशयमुखाशी शिवून बसवायच्या. किरणांनी रोगी पेशी जळत. नंतर बाहेरून क्ष-किरणांचे शेक देत. फेब्रुवारीत हेन्रिएटाला हे उपचार सुरू झाले. पहिल्या वेळी नळ्या बसवण्याआधी शस्त्रवैद्याने दोन लहान तुकडे काढले, एक गाठीचा व एक निरोगी भागाचा. हे तुकडे तिच्या उपचारासाठी लागत नव्हते.

ते कशासाठी, हे सांगणे जरूर आहे. त्या इस्पितळाच्या स्त्रीरोग विभागाचे प्रमुख डॉ. रिचर्ड टेलिंड हे एका वादात होते. गर्भाशयमुखाच्या नुसत्या वरच्या थरात दिसणाऱ्या बिघडलेल्या पेशी निरुपद्रवी आहेत असे बरेच डॉक्टर मानत. टेलिंड म्हणत की त्याच पुढे आत शिरतात आणि बाईचा जीव घेतात, म्हणून त्या आधीच शोधून काढल्या पाहिजेत. शोधायची रीतही नुकतीच हाती आली होती. जॉर्ज पापानिकोलाऊ या ग्रीक डॉक्टरांनी १९४० नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले होते की गर्भाशयमुखावरून काडीने पेशी पुसून काचेवर घेतल्या व सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तर रोग मूळ धरण्यापूर्वी ओळखता येतो. यालाच आज पॅप तपासणी म्हणतात. आपले म्हणणे सिद्ध करण्यासाठी टेलिंड यांना प्रयोगशाळेत वाढणाऱ्या पेशी हव्या होत्या. ते काम डॉ. जॉर्ज गाय व त्यांची पत्नी मार्गारेट यांच्याकडे होते. या दांपत्याने मनुष्याच्या पेशी शरीराबाहेर जगवण्यासाठी वर्षानुवर्षे खटपट केली होती, पण त्या लवकर मरून जात.

हेन्रिएटाचा तुकडा मेरी कुबिचेक नावाच्या तरुण मदतनीस मुलीच्या हाती आला. तिने तो नळ्यांत घातला आणि वर नाव व आडनाव यांची पहिली अक्षरे जोडून लिहिले, हेला. या पेशी मेल्या नाहीत. चोवीस तासांत दुप्पट होत राहिल्या, नळ्यांत मावेनाशा झाल्या. डॉ. जॉर्ज यांनी त्या मागेल त्याला फुकट वाटल्या.

हेन्रिएटाला यातले काही कळवले गेले नाही. शस्त्रक्रियेसाठी तिची सही घेतली होती. संशोधनासाठी तुकडा घेतो आहोत असे विचारण्याची त्या काळी पद्धतच नव्हती. फुकट उपचार घेणाऱ्यांच्या बाबतीत तर कोणाच्या मनातही ते येत नसे. तिच्या उपचारात हयगय झाली असे आम्हाला म्हणायचे नाही. त्या वेळी जो उत्तम समजला जाई तोच उपचार तिला मिळाला. बऱ्याच वर्षांनी, तुकडा पुन्हा पाहिला तेव्हा रोगाचा प्रकार प्रथम चुकीचा ओळखला गेल्याचे दिसले, पण बरोबर ओळखला असता तरी उपचार तोच झाला असता. उणीव होती ती सांगण्याबोलण्यात. उपचारानंतर मूल होणार नाही, हे तिला आधी समजले नव्हते. हे समजले असते तर आपण उपचारच घेतला नसता, असे ती म्हणाल्याची नोंद इस्पितळाच्या कागदांत आहे. डॉक्टरने सांगितले नाही, तिने विचारले नाही, आणि दोघांमधले अंतर एवढे की मध्यस्थी करायलाही कोणी नाही.

शेक रोज घ्यायचे होते, तेव्हा लपवणे अशक्य झाले. डे कामावरून येईपर्यंत बसायला म्हणून ती इस्पितळाजवळ राहणाऱ्या मार्गारेटकडे जाई. अखेर एक दिवस तिने मार्गारेट व सेडी यांना सगळे सांगितले आणि पोटावरची कातडी दाखवली. ती शेकांनी कोळशासारखी काळी पडली होती. रोग गेला असे डॉक्टरांना काही काळ वाटले. उन्हाळ्यात ती वेदना घेऊन पुन्हा पुन्हा जाऊ लागली, तेव्हाही काही दिसत नाही म्हणून तिला परत पाठवले गेले. शरीर तिला सांगत होते ते तपासणीत उशिरा दिसले. ८ ऑगस्ट रोजी ती दाखल झाली ती पुन्हा घरी आली नाही.

रक्त द्यावे लागे. कारखान्यातले सोबती व नातलग येऊन रक्त देत. लहान मुलांना वॉर्डात आणता येईना, म्हणून डे त्यांना इस्पितळाबाहेर तिच्या खिडकीखालच्या हिरवळीवर खेळायला आणी. ती कशीबशी उठून खिडकीशी येई आणि काचेला हात टेकून पाहत राही. धाकटा जोसेफ तेव्हा जेमतेम वर्षाचा होता, डेबोराला दोन वर्षेही पुरी झाली नव्हती. ४ ऑक्टोबर १९५१ रोजी, मध्यरात्र उलटून थोडा वेळ झाला असता, तिने प्राण सोडला.

शवविच्छेदनाच्या वेळी मेरी कुबिचेकला पेशी आणण्यासाठी पाठवले होते. मृत चेहऱ्याकडे पाहण्याचा तिला धीर होईना, म्हणून तिची नजर पायांकडे गेली. नखांवरचा लाल रंग टवके उडून गेला होता. या बाईने कधीतरी बसून हौसेने नखे रंगवली असतील, आपण इतके महिने ज्या पेशी हाताळतो आहोत त्या एका जिवंत बाईच्या आहेत, हे त्या क्षणी त्या मुलीच्या प्रथम ध्यानात आले. हा प्रसंग तिने पुढे स्वतः सांगितला. आम्हाला या सगळ्या इतिहासात याहून मोठा प्रसंग दिसत नाही.

हेन्रिएटाला क्लोव्हर येथे आईच्या कबरेजवळ पुरले. दगड लावायला पैसे नव्हते.

पुढची हकिगत पेशींची आहे. पोलिओची लस तपासण्यासाठी पुष्कळ पेशी हव्या होत्या. टस्कीगी येथे काळ्यांच्याच शिक्षणसंस्थेत हेला पेशींची मोठी पैदास सुरू झाली आणि १९५४ च्या लसीच्या मोठ्या चाचणीस त्यांचा उपयोग झाला. त्या अंतराळात गेल्या, औषधांच्या परीक्षेत वापरल्या गेल्या, आणि त्यांवर व्यापारही झाला. बाईचे नाव मात्र हेलेन लेन असे छापून येत राहिले. खरे नाव १९७१ साली एका वैद्यकीय नियतकालिकात आले, ते डॉ. जॉर्ज यांच्या मृत्यूनंतर त्यांना वाहिलेल्या श्रद्धांजलीत. घरच्यांना कळायला १९७३ उजाडले, तेही योगायोगाने. मोठ्या सुनेची एका जेवणात एका संशोधकाशी गाठ पडली आणि लॅक्स आडनाव ऐकून तो चकित झाला. त्यानंतर इस्पितळाकडून माणसे येऊन कुटुंबाचे रक्त घेऊन गेली. घरच्यांची समजूत अशी की आपल्याला कर्करोग आहे का ते तपासत आहेत. डेबोरा आईच्या वयाला येत होती, ती कितीतरी दिवस निकालाची वाट पाहत भीतीने झुरली. निकाल येणार नव्हताच. रक्त पेशींच्या अभ्यासासाठी घेतले होते.

कुटुंबातील काही भाविक माणसांनी या पेशींचा अर्थ असा लावला की देवाने हेन्रिएटाला अमर देह दिला. त्यांच्या दुःखाला यातून आधार मिळाला, तो आम्ही हिरावून घेणार नाही. पण शब्बाथशाळेत कोणी विचारलेच, तर काचेच्या भांड्यात वाढणारी पेशी म्हणजे आपल्याला वचन दिलेले पुनरुत्थान नव्हे, एवढे शिक्षकांनी स्पष्ट सांगावे. २००१ साली डेबोरा एका प्रयोगशाळेत गेली, तेव्हा थंडगार नळी तिच्या हातात देण्यात आली. आईला थंडी वाजत असेल म्हणून तिने ती नळी तळहातांत चोळली आणि तिच्यावर फुंकर घातली. आईचा चेहरा न आठवणाऱ्या लेकीने याहून वेगळे काय करावे?

आता रोगाची गोष्ट. १९८३ व १९८४ साली हाराल्ड त्सुर हाउसेन या जर्मन डॉक्टरांच्या प्रयोगशाळेने दाखवले की हा कर्करोग पॅपिलोमा नावाच्या विषाणूच्या ठराविक जातींमुळे होतो. त्यांतली १८ क्रमांकाची जात हेला पेशींतही सापडली. म्हणजे हेन्रिएटाला मारले ते याच विषाणूने. हा विषाणू शरीरसंबंधातून लागतो आणि नवरा-बायको एकनिष्ठ असले तरी पूर्वीच्या कधीच्या संसर्गातून वर्षांनंतर रोग उद्भवू शकतो. बहुतेक स्त्रीपुरुषांना तो आयुष्यात केव्हातरी लागतो व बहुतेकांचा आपोआप जातो. तेव्हा हा रोग झालेल्या भगिनीच्या शीलाकडे बोट दाखवणे हे अज्ञान आहे आणि पापही. त्सुर हाउसेन यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यापूर्वीच, २००६ मध्ये, लस निघाली होती. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीला २०२२ साली परवानगी मिळाली. ती ज्या चार जातींवर आहे त्यांत १८ क्रमांक आहेच.

आपल्या मराठी मुलुखाचाही यात भाग आहे. १९९९ पासून उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यातील खेड्यांत, बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या साहाय्याने, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर एक मोठा अभ्यास झाला. गावांचे चार गट पाडले. एका गटातील स्त्रियांची या विषाणूसाठी आयुष्यात फक्त एकदा तपासणी केली आणि दोष आढळला त्यांच्यावर उपचार केले. २००९ साली निष्कर्ष छापला गेला: तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने त्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. एका गटाला तपासणीविना का ठेवले, यावर मागाहून वाद झाला, आणि हेन्रिएटाची कथा ठाऊक असलेल्याला तो वाद रास्त वाटेल. पण त्या शेतकरीणबायांनी जे शिकवले ते जगाने मानले. तपासणीला दुखत नाही म्हटले तरी चालेल, काही मिनिटे लागतात, आणि रोगाची पूर्वस्थिती असताना सापडले तर पिशवी काढण्याचीही वेळ सहसा येत नाही. दोन पाळ्यांच्या मधे, संबंधानंतर, किंवा पाळी गेल्यावर लाल दिसले तर मात्र ठरलेल्या तपासणीची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जावे.

२०१० साली रिबेका स्क्लूट या लेखिकेचे हेन्रिएटावरील पुस्तक आले आणि तिचे नाव घरोघर पोहोचले. डेबोरा ते पाहायला राहिली नाही, ती २००९ मध्ये वारली. पेशींवर पैसे मिळवणाऱ्या एका मोठ्या कंपनीविरुद्ध कुटुंबाने २०२१ साली दावा लावला, त्याची तडजोड १ ऑगस्ट २०२३ रोजी, हेन्रिएटाच्या जन्मदिवशी, जाहीर झाली. किती दिले ते उघड झाले नाही.

क्लोव्हरच्या कबरेवरचा दगड त्याआधीच बसला होता. डॉ. जॉर्ज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. रोलंड पॅटिलो नावाचे एक काळे स्त्रीरोगतज्ज्ञ होते. हेन्रिएटाच्या कुटुंबाशी त्यांचा स्नेह होता. २०१० साली त्यांनी आपल्या पैशाने तो दगड घडवून आणला. उघड्या पुस्तकाच्या आकाराचा आहे. वरचा मजकूर नातवंडांनी लिहिला.